बातमी खरी, पण प्रमाण? छोट्या पडद्यावरून घडणारी जगाची ओळख

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्याचा उल्लेख होताच देशातील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. ताजमहाल हॉटेलच्या घुमटाला वेढणाऱ्या ज्वाळा आणि काळ्या धुराचे लोट. मुंबईत ज्यांनी कधी पाऊल ठेवलेले नाही, त्यांच्याही स्मरणात हे दृश्य पक्के बसले आहे. मात्र त्या हल्ल्यातील १६६ मृतांपैकी सर्वाधिक, म्हणजे पन्नासहून अधिक माणसे ताजमध्ये नव्हे, तर छत्रपती शिवाजी टर्मिनस या रेल्वे स्थानकात मारली गेली, हे अनेकांना आज चटकन आठवत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत सामानासह बसलेले ते सामान्य प्रवासी होते.

स्थानकातील गोळीबार तास-दीड तासात संपला. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथील कारवाई मात्र लांबली आणि ताजमधील अखेरची चकमक २९ नोव्हेंबरच्या सकाळी थांबली. जिथे घटना सुरू होती, तिथे कॅमेरे थांबले आणि जिथे ती संपली होती, तेथून ते निघून गेले. या सुमारे साठ तासांच्या प्रक्षेपणात ताजची आग खरी होती आणि तेथील शौर्यही खरे होते. कोणी खोटे दृश्य रचले नव्हते. तरीही देशाच्या स्मृतीत हल्ल्याचे जे चित्र उरले, त्यात फलाटावरील मृतांची जागा त्यांच्या संख्येच्या मानाने फारच लहान राहिली.

दूरचित्रवाणी आणि जनमाध्यमांच्या प्रभावाची चर्चा बहुधा खोट्या बातम्यांपाशी येऊन थांबते. खोटी बातमी घातक असतेच. पण ती निदान उघडकीस आणता येते. प्रमाणाचे तसे नाही. कोणत्या घटनेला किती वेळ, कोणत्या प्रदेशाला किती जागा आणि कोणत्या दृश्याची किती पुनरावृत्ती, यांतून प्रेक्षकाच्या मनातील जगाचा नकाशा तयार होतो. त्यातील प्रत्येक तपशील खरा असूनही नकाशा चुकीचा असू शकतो. तो कोणत्याही खुलाशाने दुरुस्त होत नाही, कारण खुलासा करावा असे कोणतेही एक विधान त्यात सापडत नाही.

मनातील चित्रांचा अभ्यास

ही जाणीव नवी नाही. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात तिची मांडणी केली, तेव्हा दूरचित्रवाणी जन्मालाही आली नव्हती. आपल्या अनुभवाच्या कक्षेत येणारे जग अत्यंत छोटे असते. उरलेले जग माणूस इतरांनी पुरवलेल्या चित्रांतून ओळखतो आणि त्या चित्रांनाच वास्तव मानून निर्णय घेतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

पुढे मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी नॉर्थ कॅरोलिनातील चॅपल हिल येथील मतदारांचा अभ्यास केला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माध्यमांनी ज्या प्रश्नांना अधिक स्थान दिले आणि मतदारांना जे प्रश्न महत्त्वाचे वाटले, त्यांत लक्षणीय साम्य आढळले. माध्यमे लोकांचे मत थेट बदलू शकतात की नाही, हा वादाचा विषय आहे. मात्र कशाविषयी मत बनवावे, हे ती मोठ्या प्रमाणात ठरवतात, असा या सिद्धांताचा आशय आहे. जॉर्ज गर्बनर यांनी दूरचित्रवाणीवरील हिंसाचाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. पडद्यासमोर अधिक वेळ घालवणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा अधिक धोकादायक वाटू लागते, असे निरीक्षण त्यांनी मांडले.

हे सिद्धांत परदेशातील असले, तरी त्यांची प्रचिती भारतीय प्रेक्षकाला नित्य येत असते. २०२० चा उन्हाळा आणि पावसाळा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

एका वर्षाचा ताळेबंद

अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू १४ जून २०२० रोजी मुंबईत झाला. दुसऱ्याच दिवशी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या संघर्षात भारताचे २० जवान धारातीर्थी पडले. करोनाची साथ वाढत होती आणि सप्टेंबरच्या मध्यास देशात दररोज नव्वद हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळत होते. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी आकुंचन पावल्याची आकडेवारी ३१ ऑगस्टला जाहीर झाली. सप्टेंबरच्या अधिवेशनात तीन कृषी विधेयके आणि तीन कामगार संहिता संसदेने संमत केल्या.

यांपैकी प्रत्येक घटनेचा कोट्यवधी लोकांच्या जीवनाशी थेट संबंध होता. तरीही त्या महिन्यांत अनेक राष्ट्रीय वृत्तवाहिन्यांच्या सायंकाळच्या मुख्य वेळेचा मोठा भाग एका अभिनेत्याच्या मृत्यूने आणि त्यातून निघालेल्या चौकशांनी व्यापला होता. संशयितांची नावे स्टुडिओत घेतली जात होती, खासगी संदेश पडद्यावर झळकत होते आणि तपास सुरू असतानाच निकालही सुनावले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात अशा माध्यम-खटल्यांमुळे न्यायप्रक्रियेत हस्तक्षेप होतो, असे स्पष्ट केले. आत्महत्येच्या वृत्तांकनाबाबत संयम पाळण्याच्या सूचनाही न्यायालयाने दिल्या. केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२५ मध्ये या प्रकरणाचा तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला आणि त्यात घातपात आढळला नसल्याचे वृत्त आले. २०२० मध्ये या विषयाला मिळालेल्या वेळेशी तुलना करता या अखेरीला मिळालेला वेळ नगण्य होता.

प्रश्न एका प्रकरणापुरता नाही. त्या सप्टेंबरमध्ये कृषी विधेयकांतील तरतुदी सोप्या भाषेत समजावून सांगण्यासाठी राष्ट्रीय पडद्यावर पुरेशी जागा नव्हती. नोव्हेंबरअखेर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दिल्लीच्या सीमांवर पोहोचले, तेव्हा अनेक प्रेक्षकांना हा विषय अचानक उगवल्यासारखा वाटला. पंजाब आणि हरियाणात तो कित्येक आठवडे धगधगत होता. तब्बल एक वर्ष चाललेल्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये हे कायदे मागे घेण्यात आले. कायद्यांच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. मात्र ज्या विषयाची ओळखच नागरिकाला संघर्षाच्या दृश्यांतून होते, त्या विषयावर त्याला शांतपणे मत बनवण्याची संधी मिळत नाही. समर्थक असो वा विरोधक, दोघांचेही यात नुकसानच होते.

मीटर कोणाच्या घरी?

असे का घडते, याचे उत्तर केवळ संपादकांच्या वृत्तीत शोधणे पुरेसे नाही. वाहिन्यांचे अर्थकारण मुख्यतः जाहिरातींवर चालते आणि जाहिरातीचा दर प्रेक्षकसंख्येच्या मोजमापावर ठरतो. भारतात हे मोजमाप ‘बार्क’ अर्थात ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल ही प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्थांची मिळून बनलेली संस्था करते. २०२० मध्ये देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे २१ कोटी घरे होती, तर प्रेक्षकमापनाची यंत्रे सुमारे ४४ हजार घरांत बसवलेली होती. म्हणजे साधारणपणे पावणे पाच हजार घरांची आवड एका घरावरून ठरत होती.

नमुना पाहणी हे शास्त्रशुद्ध तंत्र आहे आणि लहान नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की, मनोरंजन वाहिन्यांच्या तुलनेत वृत्तवाहिन्यांचा प्रेक्षक थोडा असतो. त्यातही एकाच भाषेतील अनेक वाहिन्या परस्परांशी स्पर्धा करतात. अशा वेळी मोजक्या घरांतील चढउतारानेही आठवड्याचा क्रम बदलू शकतो. त्या क्रमावर नजर ठेवून दुसऱ्या दिवशीचे विषय निश्चित होऊ लागले की, प्रेक्षकाला काय जाणून घेण्याची गरज आहे हा प्रश्न मागे पडतो. तो कोणत्या क्षणी वाहिनी बदलतो, एवढेच पाहिले जाते.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी प्रेक्षकसंख्येत फेरफार केल्याचे आरोप जाहीर केल्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी स्थगित केली. ती मार्च २०२२ मध्ये, चार आठवड्यांच्या सरासरीच्या स्वरूपात, पुन्हा सुरू झाली. संबंधित खटला मागे घेण्याचा राज्य सरकारचा अर्ज मुंबईतील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये मान्य केला. आरोपांचा निवाडा झाला नाही. मात्र सुमारे दीड वर्ष आकडे प्रसिद्ध होत नसतानाही स्टुडिओतील गदारोळ ओसरला नाही, ही बाब लक्षणीय आहे. मीटरने लावलेली सवय मीटर थांबल्यावरही टिकून राहिली.

याला खर्चाचीही बाजू आहे. दुष्काळी भागात वार्ताहर, कॅमेरामन आणि वाहन आठवडाभर पाठवणे महागडे असते. त्या तुलनेत सहा पाहुण्यांना चौकटींत बसवून तासभर वाद घालणे स्वस्त पडते. त्यामुळे वृत्तांकनाची जागा मतप्रदर्शन घेते. घटना एक आणि तिच्यावरील मते बारा, अशी स्थिती निर्माण होते. प्रेक्षकाला मात्र आपण बातम्या पाहिल्याचे समाधान मिळते.

अंतर किलोमीटरांत मोजले जात नाही

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २००६ मधील एक विसंगती वारंवार निदर्शनास आणली आहे. मुंबईतील फॅशन सप्ताहाच्या वृत्तांकनासाठी तेव्हा ५१२ अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते. त्याच काळात विदर्भातील कापूस उत्पादक शेतकरी आत्महत्या करत होते आणि त्यांची दखल घेण्यासाठी राष्ट्रीय माध्यमांचे जेमतेम सहा पत्रकार तेथे होते. व्यासपीठावर मिरवणारी वस्त्रे सुती होती आणि तो कापूस पिकवणारे शेत विमानाने तासाभराच्या अंतरावर होते. माध्यमांच्या नकाशावर मात्र यवतमाळ मुंबईपासून फार दूर होते.

हा नकाशा आजही फारसा बदललेला नाही. हिंदी आणि इंग्रजी वृत्तवाहिन्यांची मोठी केंद्रे दिल्ली, नोएडा आणि मुंबई येथे एकवटली आहेत. दिल्लीत तासभर पाऊस पडला आणि रस्ते तुंबले की, ती देशाची बातमी होते. आसाममधील पुराला मात्र दरवर्षी तोच तो असल्याची शिक्षा भोगावी लागते. गावेच्या गावे पाण्याखाली जाणे हे ‘नेहमीचे’ ठरल्यामुळे त्याचे बातमीमूल्य घटते. दुःखाची पुनरावृत्ती झाली तर त्याची तीव्रता वाढते. पडद्यावर त्याची किंमत मात्र कमी होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नकाशाचा वेगळा अनुभव येतो. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथील घरात मराठी वाहिनी लावली की, मुंबई-पुण्याच्या राजकारणातील बारीकसारीक हालचाली कळतात आणि हिंदी वाहिनी लावली की दिल्ली समजते. ज्या शहरात हे कुटुंब कर भरते, मतदान करते आणि मुलांना शाळेत पाठवते, ते शहर या दोन्ही पडद्यांवर अभावानेच दिसते. दूरचे सर्व काही ठाऊक आणि जवळचे काहीच नाही, ही स्थिती केवळ मराठी भाषकांची नाही. देशातील असंख्य स्थलांतरितांची आहे. आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकापेक्षा दुसऱ्या राज्यातील आमदारांची पळवापळवी नागरिकाला अधिक परिचित असेल, तर लोकशाहीचा पाया असलेली स्थानिक जबाबदारी कमकुवत होते.

युद्धकाळातील किंमत

प्रमाण सुटण्याची सवय शांततेच्या काळात खपून जाते. संघर्षाच्या काळात तिची किंमत माणसांना मोजावी लागते. २६/११ च्या कारवाईचे थेट प्रक्षेपण सीमेपलीकडील सूत्रधार पाहत होते आणि दूरध्वनीवरून दहशतवाद्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबच्या अपिलावरील निकालात याची गंभीर दखल घेतली. या प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष जीवितहानी झाली का, हे सांगता येत नसले तरी सुरक्षा दलांचे काम त्यामुळे अधिक कठीण आणि धोकादायक झाले, असे न्यायालयाने नमूद केले. पुढे २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली आणि अशा वेळी नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित करण्यात आले.

त्याच हल्ल्यातील आणखी एक बाब येथे आठवावी लागेल. रेल्वे स्थानकात बंदूक घेऊन फिरणाऱ्या कसाबचे छायाचित्र ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी टिपले आणि ते न्यायालयात पुरावा ठरले. घटनास्थळी जाऊन केलेले वृत्तांकन काय साधू शकते, याचा तो नमुना आहे. त्यामुळे प्रश्न माध्यमे असावीत की नसावीत हा नसून ती कोठे उभी असतात, हा आहे.

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात हा प्रश्न पुन्हा समोर आला. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची आणि इतर मोठ्या विजयांची वृत्ते अधिकृत दुजोऱ्याविना दिली. कराचीसह अन्य लक्ष्यांवर मारा करण्यास आपण सज्ज होतो, असे नौदलाने त्यानंतरच्या अधिकृत पत्रकार परिषदेत सांगितले. मारा केल्याचे सांगितले नाही. सैन्यदलांची प्रत्यक्ष कामगिरी मोठी असताना तिच्यावर काल्पनिक विजयांची भर घालणे हा त्या कामगिरीचाच अवमान होता.

त्याहून वेदनादायक प्रकार पूंछबाबत घडला. पाकिस्तानी तोफगोळ्यांच्या माऱ्यात तेथील एका मदरशाचा शिक्षक मृत्युमुखी पडला. काही वाहिन्यांनी या भारतीय नागरिकाला दहशतवादी ठरवून त्याचे छायाचित्र दाखवले. पोलिसांनी खुलासा केला आणि वाहिन्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. मात्र दिलगिरी काही क्षणांची होती. ते दृश्य तोवर असंख्य भ्रमणध्वनींवर पोहोचले होते. शत्रूच्या गोळ्याला बळी पडलेल्या माणसाच्या कुटुंबाला त्याच्या मृत्यूसोबत हा कलंकही सोसावा लागला.

आजचा पडदा केवळ दिवाणखान्यात राहिलेला नाही, हेही यातून दिसते. वाहिनीवरील अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरतो, तेव्हा त्यावर ना वेळ असते, ना संदर्भ. दुरुस्ती त्याच मार्गाने त्याच माणसांपर्यंत पोहोचण्याची शक्यता फार थोडी असते.

मूळ अभिवचन

भारतात दूरचित्रवाणी वेगळ्या अपेक्षेने आणली गेली होती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर ‘साइट’ हा प्रयोग राबवण्यात आला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील २,४०० गावांत सामुदायिक संचांवर शेती, आरोग्य आणि शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखवले गेले. आणीबाणीच्या काळात सरकारी प्रसारणाचा प्रचारासाठी वापरही झाला, हे विसरता येणार नाही. त्यामुळे सरकारी नियंत्रण हे या प्रश्नाचे उत्तर असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या ऐतिहासिक निकालात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगताना त्यांवर सरकारची मक्तेदारी नाकारली. त्याच वेळी त्यांचा वापर जनहितासाठी व्हावा, असेही बजावले.

या दोन टोकांमधील स्वनियमनाचा मार्ग वाहिन्यांनी स्वीकारला, पण त्याची परिणामकारकता मर्यादित ठरली. वृत्तप्रसारकांच्या स्वनियमन यंत्रणेने आकारावयाचा एक लाख रुपयांचा कमाल दंड पुरेसा आहे का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये उपस्थित केला. शिवाय दंड एखाद्या कार्यक्रमाबद्दल होऊ शकतो. प्रमाण बिघडवल्याबद्दल कोणालाही दंड करता येत नाही. न दाखवलेल्या बातमीची तक्रार नोंदवण्याची सोय कोणत्याही यंत्रणेत नाही.

म्हणूनच या प्रश्नाचा एक मोठा भाग प्रेक्षकाकडे येतो. माध्यमसाक्षरता म्हणजे केवळ खोटी बातमी ओळखण्याचे कौशल्य नव्हे. पाहिलेल्या तासाभरात घटनास्थळावरून किती मिनिटांचे वृत्तांकन झाले आणि स्टुडिओतून किती, किती जिल्ह्यांची नावे कानावर आली, बोलणाऱ्यांपैकी किती जण घटनेशी प्रत्यक्ष संबंधित होते आणि कालचा मोठा विषय आज कोठे गेला, एवढे प्रश्न विचारले तरी पडद्यावरील नकाशातील रिकाम्या जागा दिसू लागतात. त्या जागा भरण्यासाठी जिल्हा वृत्तपत्रे आहेत, आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या आहेत, संसदेच्या कामकाजाचे प्रक्षेपण आहे आणि शासकीय आकडेवारीही खुली आहे. शाळांतून वृत्तपत्रवाचन शिकवले जाते, तसा एखाद्या बातमीपत्राचा ताळेबंद मांडण्याचा पाठ शिकवणेही अवघड नाही.

मतदान करताना, शेजाऱ्याविषयी मत बनवताना किंवा युद्धाची मागणी करताना नागरिक आपल्या मनातील जगाच्या आधारे निर्णय घेतो. त्या निर्णयाचे परिणाम मात्र प्रत्यक्ष जगातील माणसांना भोगावे लागतात. ती माणसे कधी पूंछमध्ये असतात, कधी यवतमाळच्या शेतात, तर कधी गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेली असतात. त्यांना पडद्यावर किती जागा मिळाली, यावरून त्यांचे महत्त्व ठरत नाही, एवढे भान प्रेक्षकाने राखले तरी माध्यमांना आपले प्रमाण तपासावे लागेल. प्रेक्षकाची नजर हेच या बाजारातील चलन आहे आणि ते कोठे खर्च करायचे, हा अधिकार अद्याप त्याच्याच हाती आहे.